डॉक्युमेंट्स फोल्डर भलतीकडेच गेलाय? फायली न गमावता तो जागेवर कसा आणायचा

कॉम्प्युटर चालू केला, डॉक्युमेंट्स उघडलं आणि आत काहीच नाही. किंवा डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं तर अख्खी डी ड्राइव्हच उघडते. किंवा "लोकेशन इज नॉट अव्हेलेबल" असा डबा येतो आणि पुढे काही होतच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हे खूप वेळा होतं, आणि झालं की लोक घाबरून पहिल्या पाच मिनिटात जे काही करतात त्यानेच खरं नुकसान होतं, फोल्डर हलल्यामुळे शक्यतो होत नाही. म्हणून आधी एवढंच सांगतो की काही डिलीट करू नका, कुठलं क्लीनर सॉफ्टवेअर टाकू नका, आणि दुकानात नेऊन "फॉरमॅट मारून द्या" तर अजिबात म्हणू नका. दहापैकी नऊ वेळा फायली त्याच मशीनमधे कुठेतरी सुखरूप असतात.

हे मी विन्डोज १० आणि ११ धरून लिहितोय कारण घरोघरी तेच आहे. (विन्डोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मशीन चालू आहेत आणि या बाबतीत दोन्हीत फरक फारसा नाही.) मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. बटणांची आणि मेनूंची नावं मी मराठी अक्षरात लिहिलीत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील, आणि जिथे टाइप करायचंय तिथे इंग्रजीतच टाइप करायचं.

मुळात काय घडतं ते समजलं की बाकी सोपं आहे. डॉक्युमेंट्स ही पक्की जागा नाही, तो एक पत्ता आहे. विन्डोज स्वतःजवळ लिहून ठेवतं की या युजरचं डॉक्युमेंट्स म्हणजे अमुक ड्राइव्हवरचा अमुक फोल्डर, आणि वर्ड, पेंट, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, गेम्स, सगळे "डॉक्युमेंट्स कुठे आहे?" असं विन्डोजला विचारून तिथे जातात. घर बदललं आणि पोस्टात पत्ता बदलला नाही तर पत्रं जुन्या घरी जातात, किंवा पत्ता बदलला पण सामान जुन्याच घरी राहिलं, तसंच हे. सामान वेगळं, पत्ता वेगळा. डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा पत्ता बदललेला असतो आणि सामान होतं तिथेच असतं. त्यामुळे कामाचा क्रम नेहमी एकच ठेवायचा: आत्ताचा पत्ता बघा, फायली खरंच कुठे आहेत ते शोधा, त्यांची कॉपी काढा, आणि मगच पत्त्याला हात लावा.

आत्ताचा पत्ता कसा बघायचा

विन्डोजचं बटण आणि आर एकदम दाबा, छोटी रनची खिडकी येईल. त्यात शेल, मग कोलन, मग पर्सनल असं इंग्रजीत, मधे स्पेस न देता टाइप करून एन्टर मारा. विन्डोज ज्याला डॉक्युमेंट्स समजतंय तोच फोल्डर उघडतो. डाव्या बाजूच्या पिन केलेल्या डॉक्युमेंट्सवर विसंबू नका, कारण ती पिन कधीकधी जुन्याच फोल्डरची राहिलेली असते आणि मग आपण तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

उघडलेल्या फोल्डरमधे मोकळ्या जागेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि वर लोकेशन नावाचा टॅब आहे का बघा. असेल तर त्यात पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. हा लोकेशन टॅब फार कामाचा आहे, कारण तो फक्त खऱ्या डॉक्युमेंट्सलाच असतो. कॉम्प्युटरमधे डॉक्युमेंट्स नावाचे दोन-तीन फोल्डर दिसत असतील तर ज्याच्या प्रॉपर्टीजमधे लोकेशन टॅब आहे तो खरा, बाकीचे नुसते त्या नावाचे साधे फोल्डर.

मूळ पत्ता कसा असतो? सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स. तुमच्या नावाचा फोल्डर विचित्र दिसला तर दचकू नका, कॉम्प्युटर सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं ईमेल अकाउंट टाकलं असेल तर विन्डोज ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डरचं नाव करतं, म्हणून बऱ्याच जणांच्या फोल्डरचं नाव अर्धवट तुटलेलं असतं. ते नाव बदलायच्या फंदात पडू नका, त्याने हजार गोष्टी मोडतात.

फायली कुठे आहेत

आता सामान शोधू. सगळ्यात आधी सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव इथे जा आणि तिथलं डॉक्युमेंट्स बघा. मग तिथेच वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फायली इंटरनेटवर ठेवायची सोय) नावाचा फोल्डर असेल तर त्याच्या आतलं डॉक्युमेंट्स बघा, माझ्या पाहण्यात तरी हरवलेल्या फायली सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतात. मग डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह. तरी नाही सापडलं तर धिस पीसी उघडून वर उजवीकडच्या सर्चमधे आठवत असलेल्या एखाद्या फाइलचं नाव टाका, शाळेच्या दाखल्याचा स्कॅन, सातबाऱ्याची पीडीएफ, लाइट बिल, जे नक्की होतं असं माहितीये ते. सापडलं की त्यावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन, म्हणजे बाकीचं सामानही तिथेच दिसेल.

दोन जागा लोकांना सुचत नाहीत. एक म्हणजे सी ड्राइव्हवरचा विन्डोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर. कुणी नुकतंच विन्डोज अपग्रेड केलं किंवा जुन्याच्याच जागी परत टाकलं असेल (ड्राइव्ह फॉरमॅट न करता) तर जुने युजर्स आणि त्यांची डॉक्युमेंट्स त्यात असतात, पण अपग्रेडनंतर १० दिवसांनी विन्डोज तो फोल्डर आपोआप काढून टाकतं, म्हणून इथे घाई करायची. दुसरी जागा म्हणजे युजर्समधे तुमच्या नावाचे दोन फोल्डर झालेत का, किंवा टेम्प नावाचा फोल्डर दिसतोय का. टेम्प दिसला, डेस्कटॉपचं चित्रही बदललेलं आहे, आणि सुरू होताना "वी कान्ट साइन इन टू युअर अकाउंट" असं आलं होतं, तर तो डॉक्युमेंट्सचा प्रॉब्लेम नाहीच, विन्डोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमधे घेतलंय. त्यात काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते सगळं पुसलं जातं. रीस्टार्ट करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने खरं प्रोफाइल परत येतं. आणि घरात एकच कॉम्प्युटर चौघं वापरत असतील तर हेही बघा की आपण आपल्याच अकाउंटमधे आहोत ना, कारण प्रत्येक युजरचं डॉक्युमेंट्स वेगळं असतं आणि मुलाच्या अकाउंटमधे बसून बाबांच्या फायली दिसणार नाहीत.

सापडल्या? आता पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि सगळं कॉपी करा. कट नाही, कॉपी. कंटाळा येतो हे मान्य, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर "गेलं तर काय" ही भीती या एका कॉपीने संपते.

कॉपी करण्याआधी एक तपासणी. सगळ्या फायली सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघा, तिथे साइज आणि साइज ऑन डिस्क असे दोन आकडे असतात. साइज चार जीबी आणि साइज ऑन डिस्क अगदी किरकोळ दाखवत असेल तर त्या फायली तुमच्या डिस्कवर नाहीतच, नुसती नावं दिसतायत आणि माल इंटरनेटवर आहे. अशा फायलींपुढे ढगाचं चित्र असतं. त्यांच्यावर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस निवडा, नेट चालू ठेवा, आणि ढग जाऊन हिरवी टिक येईपर्यंत थांबा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर किती डेटा लागेल ते आधी बघून घ्या.

वनड्राइव्हने नेलं असेल तर

पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसला तर कारण मिळालं. नवीन लॅपटॉप सेट करताना किंवा एखाद्या अपडेटनंतर "तुमचे फोल्डर बॅकअप करू का" असं विचारलं जातं, आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तिन्हींचा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरमधे जातो. नावात बॅकअप असलं तरी ती साधी जास्तीची कॉपी नाही, फोल्डरच तिकडे हलतो. फुकटात ५ जीबी मिळतात, घरच्या फोटोंनी ते लवकर भरतात, आणि मग "स्टोरेज फुल" चे मेसेज सुरू होतात आणि नवीन फायली वर जाणं थांबतं.

हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांची दुसरी कुठली कॉपीच नाही, फायली थोड्या आहेत आणि नेट बरं आहे, त्यांनी तसंच ठेवलं तरी चालेल, फक्त आपल्या फायली कुठे आहेत ते माहीत पाहिजे. पण घरी आणायच्या असतील तर असं करा.

घड्याळाजवळ ढगाचं चित्र आहे त्यावर क्लिक, मग चाकाचं चित्र, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप. तिथे डॉक्युमेंट्ससमोरचं बटण बंद करा, विचारलं की स्टॉप बॅकअप. नव्या व्हर्जनमधे फायली कुठे ठेवायच्या ते तिथेच विचारतात, तो पर्याय आला तर या कॉम्प्युटरवर ठेवा असं निवडा. जुन्यात विचारत नाही, नुसता पत्ता सी ड्राइव्हवर परत येतो आणि फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधेच राहतात. डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं आणि आत "व्हेअर आर माय फाइल्स" असा एक शॉर्टकट असतो, आणि इथेच लोकांची छाती धडधडते. काही गेलेलं नाही. वनड्राइव्हच्या आतलं डॉक्युमेंट्स उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि खऱ्या डॉक्युमेंट्समधे पेस्ट करा.

इथेही कॉपीच, कट नको. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल काढली की ती इंटरनेटवरून आणि त्याच अकाउंटच्या मोबाइलवरूनही जाते, मोबाइलवर बघणाऱ्या घरच्यांना वाटतं आता हे काय झालं. चुकून गेलीच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन आहे, घरगुती अकाउंटला ३० दिवस फायली तिथे राहतात, त्यातून परत आणता येतात.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. वनड्राइव्ह नकोय म्हणून ते आधीच अनइन्स्टॉल करू नका किंवा अनलिंक करू नका. आधी वरच्यासारखा बॅकअप थांबवा, पत्ता परत आलाय ते बघा, मग हवं तर काढा. उलट केलं तर वनड्राइव्ह जातं पण पत्ता त्याच्याच फोल्डरचा राहतो, आणि ज्या फायली फक्त ढगात होत्या त्या कॉम्प्युटरवर उरत नाहीत, त्या वेबसाइटवर जाऊन उतरवाव्या लागतात.

ड्राइव्ह सापडत नाहीये

आपल्याकडे दुकानदार सांगतात "सी मधे काही ठेवू नका, सगळं डी ला टाका". सल्ला अगदीच चुकीचा नाही, विन्डोज परत टाकावं लागलं तर डी वरचं वाचतं. पण डॉक्युमेंट्सचा पत्ता डी किंवा ई वर असेल आणि ती ड्राइव्ह दिसेनाशी झाली किंवा तिचं अक्षर बदललं, तर पत्ता लटकतो. दुसरी डिस्क लावली, कार्ड रीडर लावला, विन्डोज नवीन टाकलं, की कालची ई आज एफ होते.

विन्डोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तुमची ड्राइव्ह तिथे दुसऱ्या अक्षराने दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, चेंज, आणि जुनं अक्षर द्या. ते अक्षर पेन ड्राइव्हने किंवा डीव्हीडीने घेतलं असेल तर आधी त्याला दुसरं कुठलं तरी अक्षर देऊन टाका. झालं की रीस्टार्ट, आणि बहुतेक वेळा बाकी काही करावंच लागत नाही.

पण ही खिडकी उघडल्यावर "इनिशियलाइज डिस्क" किंवा "फॉरमॅट करायची का" असं काही आलं तर कॅन्सल. काहीही झालं तरी कॅन्सल. तिथे ओके म्हणणं म्हणजे आपल्या हाताने डिस्क पुसायची परवानगी देणं. तसा डबा येतोय किंवा ड्राइव्ह तिथे दिसतच नाहीये तर डिस्क किंवा केबल बिघडलीये, मग पत्ता दुरुस्त करून सामान परत येणार नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क न्यावी लागेल आणि तोपर्यंत ती परत परत चालू करून बघायची नाही.

डॉक्युमेंट्स म्हणजे अख्खी डी ड्राइव्ह

हा प्रकार कसा होतो सांगतो. कुणीतरी लोकेशन टॅबमधे मूव्ह दाबलं, डी ड्राइव्ह निवडली, आणि आत फोल्डर न करता तसंच ओके केलं. आता डी वरचे सिनेमे, गाणी, जुने सेटअप, सगळंच विन्डोजला डॉक्युमेंट्स वाटतं. असाच भाऊबंद प्रकार म्हणजे डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स दोघांना एकच फोल्डर दिला जाणं, मग दोन्ही नावं एकाच जागी जातात, आणि परत वेगळं करायला गेलं की "कान्ट मूव्ह द फोल्डर" म्हणून अडून बसतं.

आधी साधा उपाय. लोकेशन टॅब उघडा, रिस्टोअर डिफॉल्ट दाबा, वरच्या रकान्यात सी, युजर्स, तुमचं नाव, डॉक्युमेंट्स असा पत्ता येईल, मग अप्लाय. जुना फोल्डर उरलेला नसेल तर "नवीन करू का" विचारेल, त्याला हो म्हणा. आणि मग येतो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नव्या जागी हलवू का? इथे नो म्हणायचं. अख्खी डी ड्राइव्ह डॉक्युमेंट्स असताना यस म्हटलं तर विन्डोज डी वरचं सगळंच्या सगळं सी मधे ओढायला लागतं, सी भरते, आणि मधेच लाईट गेली की अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. एरवी साध्या फोल्डरच्या बाबतीत यस चालतं, ते सोयीचंही आहे, पण मला विचाराल तर कायम नो म्हणा, पत्ता बदलू द्या आणि फायली स्वतः कॉपी करा. थोडा वेळ जास्त जातो पण काय कुठे गेलं ते आपल्याला माहीत असतं.

डी वरच ठेवायचं असेल तर आधी डी मधे स्वतःच्या नावाचा फोल्डर करा, त्यात डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर करा, आणि मूव्ह दाबून तो आतला फोल्डर निवडा. डाउनलोड्स, पिक्चर्स यांनाही प्रत्येकी वेगळा फोल्डर, दोघांना एक कधीच नको. नावं इंग्रजीत ठेवा. विन्डोजला देवनागरी नाव छान कळतं, पण काही जुनी सॉफ्टवेअरं, खास करून जुन्या फॉन्टच्या काळातली, पत्त्यात देवनागरी आली की फाइल उघडत नाहीत. आणि पेन ड्राइव्हवर किंवा काढता येणाऱ्या डिस्कवर डॉक्युमेंट्सचा पत्ता देऊ नका, ती काढली की परत तेच रामायण.

काहीच जुमानत नसेल तर रजिस्ट्री

लोकेशन टॅब उघडत नाही, रिस्टोअर डिफॉल्ट दाबून एरर येते, तर मग पत्ता जिथे लिहिलेला असतो त्या विन्डोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, जाऊन दुरुस्त करायचा. घाबरायचं कारण नाही पण इथे नेमकं तेवढंच करायचं, बाकी कशाला हात नाही.

रनच्या खिडकीत रेजएडिट टाइप करा, परवानगी विचारेल ती द्या. डावीकडे एचकी करंट युजर उघडा, त्यात सॉफ्टवेअर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विन्डोज, त्यात करंटव्हर्जन, त्यात एक्सप्लोअरर, आणि त्यात युजर शेल फोल्डर्स. त्याच्या जवळच नुसतं शेल फोल्डर्स नावाचंही एक आहे, ते नाही, त्यात स्वतः विन्डोजनेच "ही की वापरू नका" अशी नोंद लिहून ठेवलीये. युजर शेल फोल्डर्सवर क्लिक करून वर फाइल, एक्सपोर्ट करा आणि ती फाइल डेस्कटॉपवर ठेवा. काही चुकलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की इथले जुने पत्ते परत येतात.

आता उजवीकडे नावं दिसतील. डॉक्युमेंट्स असं नाव शोधाल तर मिळणार नाही, त्याचं इथलं नाव पर्सनल आहे. डेस्कटॉपचं डेस्कटॉपच, चित्रांचं माय पिक्चर्स, व्हिडिओचं माय व्हिडिओ, गाण्यांचं माय म्युझिक. डाउनलोड्सला नावच नाही, महिरपी कंसात ३७४डीई२९० ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा म्हणजे डाउनलोड्स. पर्सनलवर डबल क्लिक करा आणि आत पर्सेंटचं चिन्ह, मग युजरप्रोफाइल एका शब्दात, परत पर्सेंटचं चिन्ह, मग उलटा स्लॅश, मग डॉक्युमेंट्स असं इंग्रजीत लिहा, मधे कुठेही स्पेस नाही. पर्सनलच्या रांगेत टाइपच्या रकान्यात एक्सपांड हा शब्द असेल तरच हे पर्सेंटवालं चालतं, नसेल तर सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहा. डी वर ठेवायचं असेल तरी पूर्ण पत्ताच लिहायचा, आणि तो फोल्डर आधी करून ठेवायचा.

काही मशीनवर महिरपी कंसात एफ४२ईई२डी३ ने सुरू होणारी आणखी एक नोंद असते, तीही डॉक्युमेंट्सचीच आहे. तिच्यातही चुकीचा पत्ता असेल तर तोच नवा पत्ता तिथे टाका, नाहीतर काही प्रोग्रॅम इकडे आणि काही तिकडे जातात. मग खिडकी बंद करून साइन आउट करा आणि परत या, सरळ रीस्टार्ट केलं तरी चालेल.

पत्ता बरोबर, तरी घोळ

दोन डॉक्युमेंट्स दिसतायत आणि तुम्ही एकाचं नाव बॅकअप ठेवलं होतं असं ठाम आठवतंय? आठवण बरोबर आहे. खऱ्या डॉक्युमेंट्समधे डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाइल असते, तिच्यात "हा फोल्डर डॉक्युमेंट्स या नावाने दाखव" असं लिहिलेलं असतं. अख्खा फोल्डर कॉपी करून त्याचं नाव बदललं की ती फाइलही सोबत जाते आणि कॉपीही डॉक्युमेंट्स म्हणूनच मिरवते. फोल्डर ऑप्शन्समधे जाऊन लपलेल्या फायली दाखवा आणि हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स वरची टिक काढा, कॉपीतली ती फाइल डिलीट करा, खरं नाव दिसेल. मग टिक परत लावून टाका. टिक काढलेली असताना आत माय म्युझिक, माय पिक्चर्स असे फिकट फोल्डर दिसतील आणि उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड म्हणतील, ते जुन्या प्रोग्रॅमसाठीचे नुसते दुवे आहेत, तसेच राहू द्या.

विन्डोज नवीन टाकल्यावर डी वरचा जुना डॉक्युमेंट्स उघडत नाही, परवानगी नाही म्हणतो, कारण तो जुन्या युजरच्या मालकीचा आहे, नाव तेच ठेवलं तरी विन्डोजच्या लेखी तुम्ही नवे. आधी तिथेच कन्टिन्यू दाबून थोडं थांबा, बहुतेक वेळा उघडतो. नाहीच तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, वर ओनरसमोर चेंज, तिथे तुमच्या युजरचं नाव लिहून चेक नेम्स, ओके, आणि खाली रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स वर टिक करून अप्लाय.

आणि वर्ड अजूनही जुन्याच जागी सेव्ह करत असेल तर वर्डने स्वतःचा पत्ता वेगळा लिहून ठेवलाय. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन बदला, आणि वर सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट वर टिक करा. लिबरऑफिसमधे टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स. विन्डोजच्या सेटिंग्जमधेही सिस्टिम, स्टोरेज इथे "नवीन गोष्टी कुठे सेव्ह करायच्या" असा एक भाग आहे (११ मधे तो ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्जच्या आत आहे), तिथे डॉक्युमेंट्ससाठी डी निवडलेली असेल तर डी वर तुमच्या नावाचा फोल्डर आपोआप तयार होतो. डी वर हे कुठून उगवलं याचं उत्तर बऱ्याचदा ते असतं.

मॅकवाल्यांचं थोडक्यात. २०१६ च्या सिएरापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडमधे (ॲपलची इंटरनेटवरची जागा) ठेवायची सोय आहे. ती बंद केली की घरच्या फोल्डरमधे नवीन रिकामं डॉक्युमेंट्स तयार होतं आणि फायली आयक्लाउड ड्राइव्हमधे राहतात, फाइंडरमधून त्या ओढून परत आणायच्या. वनड्राइव्हसारखंच आहे सगळं, घाबरण्याची जागाही तीच.

लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमधे युजर डर्स नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात सगळे पत्ते लिहिलेले असतात. डॉक्युमेंट्सचा फोल्डर डिलीट केला किंवा त्याचं नाव टर्मिनलमधून बदललं की पुढच्या लॉगिनला त्याचा पत्ता सरळ होम होतो, आणि सगळं होममधे सांडायला लागतं. फोल्डर परत करा, त्या फाइलमधे पत्ता लिहा, लॉग आउट करून परत या.

सगळं झालं की तपासून बघा. नोटपॅड उघडा, चार अक्षरं लिहा, सेव्ह ॲज करून डावीकडच्या डॉक्युमेंट्समधे ठेवा, मग रनमधून शेल कोलन पर्सनल उघडून ती फाइल तिथे दिसतेय का बघा. स्कॅनर असेल तर एक पान स्कॅन करून तेही बघा, स्कॅनरची सॉफ्टवेअरं जुना पत्ता धरून बसतात. डावीकडची जुनी पिन काढून नवीन लावा. रीस्टार्ट करून लोकेशन टॅब परत एकदा बघा, वनड्राइव्ह चालू ठेवलं असेल तर मधूनमधून "बॅकअप सुरू करा" असं विचारत राहील, त्याला विचार करून उत्तर द्या आणि घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा. जुन्या जागेवरच्या फायली लगेच उडवू नका, त्या फोल्डरच्या नावापुढे जुना असं लिहून महिनाभर राहू द्या. त्या महिन्यात कुणाला काही कमी सापडलं नाही तर मग काढा, आणि पेन ड्राइव्हवर जी कॉपी काढली होती ती मात्र तशीच कपाटात ठेवा.